मेसमध्ये कोण कोणासोबत जेवतं?

नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडमुळे बंद असलेली विद्यापीठं पुन्हा उघडण्याबद्दलची यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हा मी एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. त्यातलं एक वाक्य वाचलं आणि कागद-पेन घेऊन बसले. वसतिगृहात एका खोलीत एकापेक्षा जास्त जणांना राहू देऊ नये, असं ते वाक्य होतं. आमच्याकडे ४० खोल्या, खोलीत तिघी, म्हणजे १२० मुली. खोलीत एक म्हटलं की ४०. उरलेल्या ८० जणींचं काय करायचं, ते आम्हीच ठरवायचं होतं. बरं, खोल्या एकेकीच्या केल्या तरी मजल्यावर दहा खोल्यांना मिळून चार बाथरूम. गीझरचं गरम पाणी संपायच्या आत अंघोळ उरकायची म्हणून सकाळी सहाला बादल्या घेऊन त्या दहा जणी एकाच बोळात उभ्या राहणार. रात्रभर पाळलेलं अंतर तिथे पाच मिनिटांत संपणार.

वाक्य चुकीचं नव्हतं. साथीच्या काळातला आरोग्याचा सल्ला एका माणसाला उद्देशून लिहिलेला असतो: मास्क लावा, अंतर ठेवा, हात धुवा, बरं नसेल तर घरी थांबा. कॅम्पसवर एकट्याचं असं फार थोडं असतं. एक कॉट, एक कपाट, नशीब असेल तर एक टेबल. बाकी सगळं वाटून घेतलेलं. आणि ‘घरी थांबा’ म्हणताना घर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न वसतिगृहात पहिल्याच दिवशी उभा राहतो. कोविडच्या काळात जगभरच्या विद्यापीठांनी जे काही केलं, ते मला तरी या एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं वाटतात.

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाने उत्तर अगदी घरगुती पद्धतीने काढलं. एक स्वयंपाकघर किंवा एक बाथरूम वापरणारे विद्यार्थी म्हणजे एक कुटुंब. नाती कागदावर जुळवली, पण नियम खरे. कुटुंबातल्या माणसांनी आपसात मास्क लावायची गरज नाही, एकत्र जेवलं तरी चालेल. एकाला लागण झाली, तर मात्र सगळं कुटुंब दाराआड. ऑक्टोबर २०२० पासून तिथे लक्षणं नसलेल्या विद्यार्थ्यांचीही दर आठवड्याला तपासणी सुरू झाली, तीसुद्धा कुटुंबाच्या हिशेबाने. प्रत्येकाने आपापल्या नाकातला स्वॅब घ्यायचा आणि सगळ्यांनी तो एकाच नळीत टाकायचा. नळी निगेटिव्ह आली तर सगळे मोकळे. पॉझिटिव्ह आली तर प्रत्येकाची वेगळी तपासणी.

नमुने असे एकत्र तपासण्यामागचं गणित सोपं आहे आणि एकदा करून बघण्यासारखं आहे. समजा १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांच्यातले ५ जण बाधित आहेत. प्रत्येकाची वेगळी चाचणी केली तर १,००० चाचण्या. पाच-पाच जणांचे नमुने एकत्र केले तर २०० नळ्या होतात. त्यातल्या फार तर ५ पॉझिटिव्ह निघतील. त्या ५ नळ्यांतल्या २५ जणांची पुन्हा तपासणी. एकूण २२५ चाचण्यांत काम झालं. पण बाधित ५ ऐवजी १५० असले तर? मग २०० पैकी ११० च्या आसपास नळ्या पॉझिटिव्ह येतात, साडेपाचशे जणांची फेरतपासणी करावी लागते आणि एकूण आकडा ७५० च्या पुढे जातो. वर निकालाला एक दिवस उशीर. म्हणजे ही युक्ती साथ कमी असतानाच स्वस्त पडते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने याच काळात पाच-पाचच्या गटांनी १०,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या वारंवार तपासण्या केल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथे ८४ विद्यार्थी बाधित सापडले आणि त्यातल्या निम्म्यांना कसलीच लक्षणं नव्हती. ‘बरं नसेल तर घरी थांबा’ हा सल्ला त्या निम्म्यांपर्यंत कधीच पोचला नसता, कारण त्यांना बरंच वाटत होतं.

तरी जून २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, विद्यापीठांना सांगितलं होतं की परतणाऱ्या सगळ्याच विद्यार्थ्यांची सरसकट चाचणी करण्याची शिफारस आम्ही करत नाही. कारण असं दिलं होतं की या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास झालेला नाही. हे कारण खोटं नव्हतं. पण शिफारस नाही म्हणजे गरज नाही, असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावता येत होता, आणि तो लावला गेला.

उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसने सरसकट चाचणीशिवाय विद्यार्थ्यांना आत घेतलं. मास्क होते, वर्गातल्या खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, जमिनीवर बाणांच्या खुणा होत्या. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले. आठवड्याभरात चाचण्यांमधलं बाधितांचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं, १७७ विद्यार्थी विलगीकरणात आणि ३४९ अलगीकरणात गेले. १७ ऑगस्टला विद्यापीठाने जाहीर केलं की पदवीचे वर्ग परवापासून ऑनलाइन. लागणीचे पुंजके सापडले ते वसतिगृहांत आणि विद्यार्थ्यांच्या राहत्या क्लबांत. तयारी वर्गाची केली होती. वर्गात मूल दिवसाचे तीन-चार तास असतं, बाकीचे वीस तास कुठे असतं हे कुठल्याही रेक्टरला विचारलं असतं तरी कळलं असतं.

मघाशी मी विलगीकरण आणि अलगीकरण असे दोन शब्द वापरले. आपल्याकडे त्या दोन वर्षांत या शब्दांची इतकी सरमिसळ झाली की शेवटी सगळेच ‘क्वारंटाइन’ म्हणायला लागले. फरक एवढाच की ज्याला लागण झाल्याचं कळलंय त्याला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण, आणि जो बाधिताच्या संपर्कात आलाय पण अजून काही कळलेलं नाही त्याला थांबवून ठेवणं म्हणजे अलगीकरण. वसतिगृहाला हा फरक महागात पडतो. बाधित दोघं असले तर ते एका खोलीत राहू शकतात. संपर्कातल्या दोघांना मात्र एकत्र ठेवता येत नाही, कारण त्यातला एक उद्या बाधित निघाला तर दुसऱ्याला आपणच लागण करून दिल्यासारखं होतं. त्यामुळे आजाऱ्यांपेक्षा धडधाकटांसाठीच जास्त खोल्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. चॅपल हिलचेच आकडे बघा, १७७ विरुद्ध ३४९.

आता इलिनॉय विद्यापीठाकडे येऊ. अर्बाना-शॅम्पेनचा हा कॅम्पस म्हणजे मक्या-सोयाबीनच्या शेतांमध्ये वसलेलं एक शहरच, ५०,००० च्या आसपास विद्यार्थी. यात मराठी मुलांची संख्याही नेहमीच बरी असते. जुलै २०२० मध्ये ट्रम्प सरकारने फर्मान काढलं होतं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेत राहता येणार नाही. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि आठवडाभरात, १४ जुलैला, सरकारने ते मागे घेतलं. तो एक आठवडा पुण्या-नाशिकच्या किती घरांत कोणाला झोप लागली नसेल! विद्यापीठ उघडं राहणं हा या मुलांसाठी थेट व्हिसाचा प्रश्न झाला होता.

इलिनॉयने ठरवलं की कॅम्पसवर येणाऱ्या प्रत्येकाची आठवड्यातून दोनदा चाचणी करायची. नाकात काडी घालून, नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून, तीन-चार दिवस निकालाची वाट बघत हे जमणारं नव्हतं. तिथले रसायनशास्त्रज्ञ मार्टिन बर्क आणि पॉल हर्गनरॉदर यांच्या चमूने लाळेवरची चाचणी बसवली. एरवीच्या पीसीआर चाचणीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, वेगळा काढण्याची एक वेळखाऊ आणि महागडी पायरी असते, आणि त्यासाठी लागणाऱ्या रसायनांचा तेव्हा जगभर तुटवडा होता. या लोकांनी ती पायरीच गाळली. लाळेची नळी ९५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवायची, म्हणजे विषाणू निष्क्रिय होतो आणि त्यातला आरएनए थेट तपासता येतो. चाचण्यांचं काम विद्यापीठाच्याच पशुवैद्यकीय रोगनिदान प्रयोगशाळेत सुरू झालं, कारण एकाच कळपातल्या ढिगाने नमुन्यांची झटपट तपासणी करायची सवय तिथल्या लोकांना होतीच. दिवसाला १०,००० च्या वर चाचण्या होऊ लागल्या. निकाल मोबाइलवरच्या ॲपमध्ये यायचा आणि इमारतीच्या दारात ते ॲप दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही.

इतक्या चाचण्यांचा अट्टहास कशासाठी? वसतिगृहातली रात्रीची हजेरी आठवा. महिन्यातून एकदा अगदी काटेकोर, ओळखपत्र-सहीसकट हजेरी घेतली, तर त्या रात्री सगळ्या जागेवर सापडतील. पण एखादी मुलगी मधले पंधरा दिवस कुठे होती हे कळणार नाही. त्यापेक्षा रोज रात्री दारातून डोकावून मोजलेली डोकी बरी. एखाद्या रात्री उशीला पांघरूण घातलेलं फसवेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सापडतंच. कोविडचंही तसंच. बाधित माणूस काही दिवसच जोरात विषाणू पसरवतो. त्या दिवसांतच त्याला गाठलं तर उपयोग. डेव्हिड पाल्टियल, एमी झेंग आणि रोशेल वॉलेन्स्की या अमेरिकी संशोधकांनी जुलै २०२० मध्ये सुमारे ५,००० विद्यार्थ्यांच्या काल्पनिक कॉलेजचं गणित मांडलं होतं. दर १०० बाधितांपैकी ३० जणांना चुकवणारी, म्हणजे तशी सुमारच, पण स्वस्त चाचणी दर दोन दिवसांनी केली, तर साथ आटोक्यात राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अर्थात बाकीची पथ्यं कडक पाळली जात असतील तर. यातल्या वॉलेन्स्की पुढच्याच वर्षी सीडीसीच्या प्रमुख झाल्या.

तर इलिनॉयने गणित केलं, प्रयोगशाळा उभी केली, ॲप बसवलं. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी साथीचं प्रारूप बनवलं. अंदाज असा होता की पूर्ण सत्रात ७०० च्या आसपास बाधित सापडतील. विद्यार्थी पार्ट्या करणार, काही जण मास्क लावणार नाहीत, हेसुद्धा गणितात धरलं होतं. २४ ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि दहा दिवसांत ७०० चा आकडा ओलांडला. काय चुकलं? आपण पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असलेली काही मुलं पार्टीला गेली, काहींनी तर स्वतःच पार्टी दिली. आरोग्य विभागाचे फोन काहींनी उचलले नाहीत. चाचणीचा निकाल मिळाल्यावर माणूस त्याप्रमाणे वागेल, हे गृहीतक इतकं साहजिक वाटत होतं की ते गृहीतक आहे हेच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मला या गोष्टीचं हसू येत नाही आणि फार रागही येत नाही. अठरा वर्षांचं पोर, आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं, अंगात ताप नाही, आणि दहा दिवस एकटं बस म्हटलं तर ते कुठलीतरी पळवाट काढणारच. आमच्याकडे मागच्या भिंतीवरून वडापाव आत यायचे, त्यातलीच ही गोष्ट.

इलिनॉयने मात्र पुढे जे केलं ते दाद देण्यासारखं आहे. कॅम्पस बंद केला नाही. २ सप्टेंबरला दोन आठवड्यांची बंधनं लावली: वर्ग, जेवण, चाचणी, किराणा, व्यायाम, एवढ्यासाठीच बाहेर पडायचं. विलगीकरण मोडणाऱ्यांना निलंबित केलं. आणि निकाल येणं व विद्यार्थ्याला गाठणं यात जे तास वाया जात होते ते कमी करायला एक वेगळं पथक उभं केलं. निकाल हाती आल्यापासून अर्ध्या तासात त्या विद्यार्थ्याशी बोलायचं, हे त्याचं काम. जिथे लागण जास्त दिसत होती तिथल्या मुलांच्या चाचण्या वाढवल्या. आलेख खाली आला आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत वर्ग चालू राहिले.

ब्रिटनमधल्या मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाने उलट वाट धरली. २५ सप्टेंबर २०२० च्या संध्याकाळी दोन वसतिगृहांतल्या १,७०० विद्यार्थ्यांना सांगितलं की आता चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. आदेश आला तेव्हा कित्येकांकडे चार दिवसांचा किराणाही नव्हता. दारावर सुरक्षारक्षक उभे. मुलांनी खिडक्यांना कागद चिकटवले: कोणी बिअर मागितली, कोणी फी परत मागितली. या कोंडण्याला कायद्याचा आधार काय, असा प्रश्न वकिलांनी विचारल्यावर विद्यापीठाची भाषा नरमली. १,७०० माणसांचं एक कुटुंब होत नाही, एवढं साधं ते होतं.

खोलीच्या आत काय चाललंय हे न विचारता कळण्याची एक जागा असते, ती म्हणजे इमारतीचं सांडपाणी. कोविडचा विषाणू विष्ठेतूनही बाहेर पडतो, बऱ्याचदा लक्षणं दिसायच्या आधीपासून. ॲरिझोना विद्यापीठाने वसतिगृहांच्या सांडपाण्याचे नमुने इमारतवार घ्यायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२० च्या शेवटी लिकिन्स हॉल नावाच्या इमारतीच्या पाण्यात विषाणूचा अंश सापडला. राहणाऱ्या ३११ जणांची लगेच तपासणी झाली आणि दोघं बाधित निघाले. दोघांनाही लक्षणं नव्हती. त्यांना वेगळं ठेवलं, इमारत उघडी राहिली. ही तपासणी कोणाच्या इच्छेवर, प्रामाणिकपणावर किंवा ॲपवर अवलंबून नाही, म्हणून मला ती आवडते. पण त्यासाठी एका इमारतीचं पाणी एका चेंबरमधून जाताना वेगळं पकडता आलं पाहिजे. आपल्याकडच्या कित्येक कॅम्पसवर ड्रेनेजचा नकाशाच सापडत नाही. आमचा प्लंबर निवृत्त झाला तेव्हा नकाशाही त्याच्याबरोबर गेला.

आता मेस. डिसेंबर २०२० मध्ये आयआयटी मद्रासमध्ये साथ पसरली तेव्हा कॅम्पसवर सगळे विद्यार्थी नव्हतेच. संशोधन करणारे आणि प्रकल्प पूर्ण करणारे मिळून आठशेच्या आत. वसतिगृहं बरीचशी रिकामी, म्हणजे खोल्यांत अंतर पाळलं जात होतं. तरी महिन्याच्या मध्यापर्यंत शंभराहून जास्त जण बाधित झाले. मुलांचं म्हणणं होतं की सगळ्यांसाठी एकच मेस चालू ठेवली होती. विद्यार्थी कमी, मग चार मेस कशाला चालवायच्या, हा हिशेब खर्चाच्या बाजूने बरोबर आहे. साथीच्या बाजूने बघितलं तर वेगवेगळ्या वसतिगृहांतल्या, एरवी एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या माणसांना दिवसातून तीनदा, मास्क काढून, एका छपराखाली आणायची ती सोय होती. नंतर जेवणाचे डबे खोल्यांवर पोचवायला सुरुवात झाली.

आमच्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीत थोड्या मुली परतल्या तेव्हा मी मेसवाल्या काकांबरोबर बसून पंगती पाडल्या. एका मजल्याची एक पंगत, पाऊण तासाची, मग खिडक्या उघड्या ठेवून पंधरा मिनिटं हॉल रिकामा. काकांचा पहिला आक्षेप पोळ्यांचा होता: चार वेळा तवा तापवायचा म्हणजे गॅस किती जाईल? दुसरा आक्षेप जास्त खरा होता. मुली मजल्याप्रमाणे जेवत नाहीत, मैत्रिणींप्रमाणे जेवतात. पहिल्या मजल्यावरची आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गमैत्रिणीसाठी थांबणार आणि दोन्ही पंगती बिघडणार. काकांचं ऐकून शेवटी आम्ही मुलींना आधी विचारलं की तुम्ही कोणासोबत जेवता, आणि खोल्याच त्याप्रमाणे बदलून दिल्या. ज्या एकत्र जेवणार त्या शेजारी राहणार, त्याच एक बाथरूम वापरणार. केंब्रिजचं कुटुंब ते हेच, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

हवेबद्दल सुरुवातीची दिशाच थोडी चुकली होती. २०२० च्या पहिल्या सहामाहीत भर होता हात धुण्यावर, पृष्ठभाग पुसण्यावर आणि सहा फुटांचं अंतर ठेवण्यावर, कारण मुख्य धोका शिंतोड्यांचा मानला जात होता. आमच्या कॉलेजने दारातल्या फवारणीच्या बोगद्यावर किती पैसे घातले ते मी इथे लिहीत नाही. जुलै २०२० मध्ये लिडिया मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने जाहीर पत्र लिहून सांगितलं की विषाणू अतिसूक्ष्म कणांतून खोलीभर तरंगत राहतो. तसं असेल तर बंद खोलीत सहा फुटांवरचा माणूसही सुरक्षित नाही. उदबत्तीचा वास कोपऱ्यात बसलेल्यालाही येतोच, तसं.

विद्यापीठाच्या इमारतीत हवा बदलली की काय होतं, याचा एक ठळक दाखला कोविडच्या आधीचा, तैवानमधला आहे. तिथे एका विद्यापीठात क्षयरोगाची साथ पसरली होती. तिथल्या कोंदट वर्गांतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत ३,२०० च्या आसपास जात होतं. मोकळ्या हवेत ते साधारण ४२० असतं. आपण श्वास सोडतो त्यातून हा वायू येतो, म्हणून त्याचा आकडा म्हणजे खोलीतली हवा किती उष्टी झालीय याचं माप. वायुवीजन सुधारून तो आकडा ६०० पर्यंत आणला. बाधितांच्या संपर्कातल्यांना नव्याने क्षयरोग होण्याचं प्रमाण त्यामुळे ९७ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांनी नोंदवलं. या अभ्यासाचा अहवाल नेमका २०२० मध्येच प्रसिद्ध झाला.

ज्या इमारतींत खिडक्या उघडत नाहीत तिथे रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांची हवा गाळणारी पेटी कामी आली. चार चौकोनी गाळण्या उभ्या चिकटवायच्या, वर एक साधा पंखा ठेवायचा, फटी चिकटपट्टीने बंद करायच्या. अमेरिकेतल्या कॅम्पसवर विद्यार्थ्यांनीच अशा शेकडो पेट्या बनवल्या. आपल्याकडे बहुतेक वर्गांना खिडक्या आहेत, उंच छत आहे, पंखे आहेत. फक्त खिडक्या उघडत नाहीत. कबुतरांसाठी जाळी, डासांसाठी जाळी, रंगाच्या थरांनी घट्ट बसलेली फळी, आणि एसी बसवला की वरून खिळा. सीडीसीने तासाला पाच वेळा खोलीतली हवा बदलावी असा आकडा स्पष्टपणे दिला तो थेट मे २०२३ मध्ये, जेव्हा कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं.

महाराष्ट्रात या सगळ्याची चर्चा फार झाली नाही, कारण आपला २०२० चा उन्हाळा-पावसाळा परीक्षेत गेला. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर राज्य सरकार आणि यूजीसी भांडत राहिले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, तारीख मात्र यूजीसीकडे मागून पुढे नेता येईल. ऑक्टोबरमध्ये घरबसल्या बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा झाल्या. आयआयटी मुंबईने तर जूनमध्येच पूर्ण सत्र ऑनलाइन जाहीर केलं होतं. रिकाम्या पडलेल्या वसतिगृहांचा ताबा ठिकठिकाणी पालिकांनी घेतला, पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. कॅम्पस साथीशी जुळवून घेत होता तो असा, विद्यार्थ्यांशिवाय.

१५ फेब्रुवारी २०२१ ला ५० टक्के उपस्थितीने महाविद्यालयं उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा मिटली. मग २० ऑक्टोबर २०२१ ला उघडली ती लसीच्या दोन मात्रांच्या अटीवर. ही अट ऐकायला रास्त आहे. जरा दिनदर्शिका काढून बघा. कोविशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. २० ऑक्टोबरला वर्गात बसायचं तर पहिली मात्रा २८ जुलैला किंवा त्याआधी घेतलेली हवी. आणि त्या जुलैत लस मिळवण्यासाठी तरुण मुलं मोबाइलवर नोंदणीची वेळ पकडत बसली होती, शहरातली मुलं गाडी काढून खेड्यातल्या केंद्रांवर जात होती. खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला किती उरत होतं ते सांगायला नको. आरोग्याचा नियम सगळ्यांना सारखाच लागू होता. तो पाळायची सोय सारखी नव्हती.

परदेशी निघालेल्यांची गंमत आणखी वेगळी. मार्च २०२१ मध्ये रटगर्स विद्यापीठाने लस सक्तीची केली आणि पाठोपाठ अमेरिकेतल्या शेकडो विद्यापीठांनी. ज्यांनी आपल्याकडे कोवॅक्सिन घेतली होती त्यांना कळलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती नाही. म्हणजे तिथे जाऊन पुन्हा पहिल्यापासून दुसरी लस टोचून घ्या. यादीत तिचं नाव लागलं ३ नोव्हेंबरला, तोवर पहिलं सत्र संपत आलं होतं. कोविशील्डवाल्यांसाठी जूनमध्ये सरकारने अंतर ८४ वरून २८ दिवसांवर आणलं, मुंबई महापालिकेने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नोंदणीशिवाय लस द्यायला सुरुवात केली. माझ्या भाच्याने दुसरी मात्रा घेतली आणि पाचव्या दिवशी विमानात बसला. पासपोर्ट क्रमांक लिहिलेलं लस-प्रमाणपत्र तो अजून फाइलमध्ये जपून ठेवतो.

डिसेंबर २०२१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जे झालं त्याने ही सगळी घडी विस्कटली. कॉर्नेल म्हणजे चाचण्यांचं गणित मांडणाऱ्यांतलं आघाडीचं नाव. २०२० मध्ये त्यांच्याच पीटर फ्रेझर यांच्या चमूने उलटा वाटणारा निष्कर्ष काढला होता की कॅम्पस बंद ठेवण्यापेक्षा उघडा ठेवणं सुरक्षित. कारण वर्ग ऑनलाइन झाले तरी मुलं गावात भाड्याच्या घरांत येऊन राहणारच, आणि मग त्यांना चाचणीची सक्ती कोण करणार? हा तर्क वर्षभर खरा ठरला. मग विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला. कॅम्पसवर ९७ टक्के लसीकरण झालेलं, तपासण्या चालू, तरी एका आठवड्यात ९०० हून जास्त बाधित. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात कॅम्पस बंद करावा लागला. विषाणूचा वेग चाचणी-निकाल-विलगीकरण या साखळीच्या वेगापेक्षा जास्त झाला होता. गंभीर आजारी मात्र जवळजवळ कोणी नव्हतं, आणि तीच पुढच्या बदलाची सुरुवात ठरली. २०२२ मध्ये कित्येक विद्यापीठांनी विलगीकरणाच्या वेगळ्या इमारती बंद केल्या आणि बाधित मुलाला सांगितलं की आपल्याच खोलीत राहा, खोलीतल्या जोडीदाराने हवं तर मास्क लावावा.

आमच्या वसतिगृहात जून २०२२ मध्ये पुन्हा १२० मुली आल्या, खोलीत तिघी. हात धुण्याची जादा बेसिनं गंजली, बाणांच्या खुणा पुसल्या गेल्या. पंगतीही मोडायचं ठरलं होतं, पण आता काकाच तयार होईनात. चार पंगतींत शेवटच्या मुलीलाही गरम पोळी मिळते आणि भाजीचा अंदाज चुकत नाही, म्हणाले. मेसच्या खिडकीवरचा खिळा मात्र डासांच्या मोसमात कोणीतरी परत ठोकला. मी तो दोनदा काढायला लावला. तिसऱ्यांदा ठोकला तेव्हा माझी बदली झाली होती.